बीएस्सीसाठी कॉलेज बघायला जाताय? आधी लॅबमध्ये शिरा

बारावीचा निकाल लागला की फोंड्यातले ओळखीचे पालक मला बाजारात गाठतात. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मी सहायक होतो. निवृत्त झालो तरी लोक ते विसरत नाहीत. "मामा, कुठचं कॉलेज बरं?" मी नाव सांगत नाही. मेजर, म्हणजे मुख्य विषय, काय घेणार ते आधी विचारतो.

गोवा विद्यापीठात 2023-24 पासून नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे मेजर आणि मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, आले. तीन वर्षांनी पदवी घेता येते, चौथं केलं तर ऑनर्स. म्हणून हवा तो मेजर, हवा तो मायनर तिथं मिळतो का, आणि चौथं वर्ष तिथंच करता येतं का, हे ऑफिसात स्पष्ट विचारा. फिजिक्सवाल्यांनी मायनर गणितच धरावं असं माझं मत. पुढं एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची तर गणिताशिवाय निभाव नाही. भूशास्त्र मात्र सगळीकडे नाही. त्यासाठी मडगावचं चौगुले, मिरामारचं धेंपे बघा. चौगुले स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची, पदवी विद्यापीठाचीच.

आता लॅब. काचेच्या कपाटात चकाकणारी उपकरणं बघून भुलू नका. रोज वापरातल्या स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजायच्या उपकरणाच्या, स्क्रूंवरचा रंग उडालेला असतो, तो बघा. एका स्पेक्ट्रोमीटरवर किती पोरं, हे तिथल्या मुलांना विचारा, प्राध्यापकांना नव्हे. त्या प्रयोगाला लागणारा सोडियमचा दिवा पूर्ण पिवळा व्हायलाच काही मिनिटं जातात. त्यात चौघं स्पेक्ट्रोमीटरच्या एकाच दुर्बिणीत डोकावणार असतील तर एकच जण मोजतो, बाकीचे त्याचे आकडे उतरून काढतात. जर्नल मात्र चौघांचंही सुंदर! केमिस्ट्रीत फ्यूम हूडचा, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा, पंखा लावून दाखवा म्हणावं. आत बाटल्या रचून ठेवल्या असतील तर तो वापरात नाही, उत्तर मिळालंच.

शिक्षक कायम किती आणि लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, किती, हेही विचारा. लेक्चर बेसिसवाले वाईट शिकवतात असं मुळीच नाही, काही तर जीव तोडून शिकवतात. पण दुसरीकडे कायमची नोकरी लागली की वर्षाच्या मध्येच जातात, आणि मुलाचा प्रोजेक्ट लटकतो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी बघा, पण ती अख्ख्या कॉलेजची असते, तुमच्या विभागाची नव्हे.

शेवटी बस. प्रॅक्टिकल दुपारचं असतं आणि रीडिंग जुळेपर्यंत संध्याकाळ होते. वाळपईच्या पोरीला मडगाव कितीही आवडलं तरी रोजचं येणं-जाणं झेपणार नाही. हॉस्टेल नसेल तर फर्मागुडी किंवा म्हापसा बघावं. कदंब या सरकारी बसचा पास काढण्याआधी परतीची शेवटची गाडी कितीला सुटते ते स्टँडवरच विचारून घ्या.