आपल्या गावाचे गाणे कसे लिहावे

१७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासाठी किंवा गावच्या यात्रेसाठी एखादे गाणे लिहून द्या, अशी मागणी मराठीच्या शिक्षकांकडे आणि लिहित्या मुलांकडे नेहमीच होते. घाईत लिहिलेली बहुतेक गाणी संतांची भूमी, शूरांची माती आणि काळी आई एवढ्यावरच उरकली जातात. गावाचे नाव बदलले की ती पैठणलाही चालतात आणि परळीलाही.

म्हणून आधी सामग्री जमवावी. नदी, ओढा, बारव, वेस, शिवारातील शेतांची जुनी नावे आणि यात्रेचा दिवस लिहून घ्यावा. वडीलधाऱ्या बायकांकडे बसून जात्यावरच्या ओव्या ऐकाव्यात, कारण गावाची आणि माहेराची वर्णने त्यांत हमखास सापडतात. संतांची नावे घ्यायची असतील, तर आपल्या गावाशी जोडलेले एकच घ्यावे. तेरच्या गाण्यात गोरोबाकाका असावेत, गंगाखेडच्या गाण्यात जनाबाई. साऱ्यांची यादी दिली की गाणे मानपत्रासारखे वाटू लागते.

त्यानंतर एक प्रसंग निवडून त्यावर मन लावून थांबावे. लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस, म्हणजेच वेळ अमावास्या, होते: शेतात कडब्याची कोप (खोपी) उभारून पाच पांडवांची पूजा करतात आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे व आंबील यांच्या पंगती बसतात. सबंध शिवाराची स्तुती करण्यापेक्षा ही एक कोप नीट रंगवावी, असे माझे ठाम मत आहे.

चालीसाठी अभंगाचा छंद सोपा पडतो. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. उदाहरणार्थ:

मांजरेच्या काठी । येळवस आली ।
कडब्याची झाली । कोप उभी ॥

येथे ‘येळवस’च्या जागी ‘वेळ अमावास्या’ लिहिले, तर अक्षरे वाढतात आणि गावाचा आवाजही हरवतो. बोलीतील शब्द असेच ठेवावेत.

लांबीचा मोह आवरावा. राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले, तेव्हा त्याची दोनच कडवी घेतली गेली आणि ती दोन मिनिटांच्या आत गाऊन होतात. त्यातील सहा नद्यांची नावे एका ओळीत बसली आहेत; नावे ओवावीत कशी, हे शिकण्यासाठी ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणून पाहावी.

दुष्काळ वगळू नये. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि ज्यांनी त्या काळात घागरी घेऊन रांगा लावल्या, त्यांना केवळ हिरव्या शिवाराचे गाणे परके वाटेल. मात्र त्यासाठी एकच ओळ पुरे. भाषण करू नये.

शेवटी गावाचे नाव झाकून कडवी शेजारच्या गावातील माणसाला वाचून दाखवावीत. त्याने गाव ओळखले, तरच चाल पक्की करावी. ध्रुपद मुलांना आणि आजीला एकाच पट्टीत म्हणता येईल इतके सोपे ठेवावे, आणि पहिली तालीम ध्वनिक्षेपकाशिवाय, नुसत्या टाळांवर, मारुतीच्या पारावर घ्यावी. जी ओळ तिथे लोक आपणहून उचलणार नाहीत, ती बदलावी.