बेडरूममधला ‘रेडिएशन’चा भार कसा कमी करावा?

‘रेडिएशन’ म्हणजे इथे विजेच्या तारा-उपकरणांभोवतीची क्षेत्रं आणि मोबाइल-वायफायच्या लहरी. पलंगाची जागा बदलायला एक पैसाही लागत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करा. उशाकडच्या भिंतीपलीकडे काय आहे ते आधी बघून या. आमच्याकडे तिथे स्वयंपाकघरातला फ्रिज होता आणि आईचं डोकं त्याच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर यायचं. फ्रिज, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, मीटरची पेटी यांच्यातून वीज वाहत असते तोवर त्यांच्याभोवती ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं आणि विटांची भिंत ते अडवत नाही. अंतर वाढलं की मात्र ते झपाट्याने ओसरतं. पलंग तीन-चार फूट सरकवा. जागाच नसेल तर नुसती उशी पायथ्याला न्या, तेवढ्यानेही डोकं पाच-सहा फूट लांब जातं. आम्ही आईची उशी फिरवली आणि तिला झोप बरी लागू लागली. त्यात कॉम्प्रेसरची घरघर कानापासून लांब गेल्याचा वाटा मोठा आहे, असं मी मानते.

दक्षिणेकडे डोकं करून झोपायचा घरात आग्रह असेल तर जरूर तसं झोपा, फक्त त्या भिंतीमागे मीटर नाही ना ते बघा.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. घरात नेहमी असतात तेवढ्या पातळीच्या क्षेत्रांमुळे किंवा लहरींमुळे झोप उडते, असं सिद्ध झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये विजेच्या तारांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र आणि २०११ मध्ये मोबाइल-वायफायच्या रेडिओ लहरी ‘२ बी’ गटात घातल्या. कर्करोगाची शक्यता पूर्ण नाकारता येत नाही, पण पुरावा तोकडा आहे, असा त्या गटाचा अर्थ. झोपेबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही. त्यामुळे भीतीपोटी घर उलटंपालटं करू नका. जे फुकटात होतं आणि ज्याने झोपेला इतर वाटांनीही मदत होते, तेवढं आवर्जून करा.

या कसोटीवर सगळ्यात मोठं काम मोबाइलचं. रात्री तो नुसता पडलेला असताना मधूनमधून टॉवरशी अगदी थोडा वेळ बोलतो, पण रेंज कमी असेल तर त्याला जास्त जोर लावावा लागतो. उशीखाली ठेवला की या लहरी डोक्याला चिकटून असतात, फोन तापण्याचा धोका वेगळाच. झोपेचं खरं नुकसान होतं ते स्क्रीनच्या उजेडाने, दर थोड्या वेळाने होणाऱ्या टुंग-टुंगने आणि रात्री जाग आली की फोनकडे आपसूक जाणाऱ्या हाताने. म्हणून चार्जिंगची जागा बाहेरच्या खोलीत करा आणि उठण्यासाठी सेलवरचं गजराचं घड्याळ आणा. घरात म्हातारी माणसं असतील, रात्री फोन येऊ शकत असेल, तर तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, रिंग मोठी आणि बाकी सूचना बंद. फोन बेडरूममध्येच हवा पण कॉल नको, अशांनी एअरप्लेन मोड लावावा. काही फोनांत त्यानंतरही वायफाय आणि ब्लूटूथ चालू राहतात, तेही बंद करा.

‘अँटी-रेडिएशन’ स्टिकर आणि चिप विकत घेऊ नका. त्यांनी काही अडलंच तर फोन सिग्नलसाठी आणखी जोर लावतो.

वायफायचा राउटर बेडरूममध्ये असेल तर हॉलमध्ये हलवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता साधारण चौथाईवर येते. झोपताना तो स्विचवरून बंद करता येतो, पण घरातला कॅमेरा किंवा एखादं वैद्यकीय उपकरण त्यावर चालत नाही ना हे पाहून.

आता वायरिंग. दिवा बंद असला तरी तारेत व्होल्टेज असेल तर तिच्याभोवती विद्युत क्षेत्र राहतं. पलंगाखालचा एक्स्टेंशन बोर्ड काढा, डासांचं मशीन उशाच्या सॉकेटमधून पायथ्याच्या सॉकेटमध्ये न्या, टेबललॅम्पची पिन रात्री काढून ठेवा. जुन्या घरांत बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) जोडलेलं सापडतं. मग बटण बंद करूनही होल्डरपर्यंत करंट येत राहतो आणि बल्ब बदलताना झटका बसू शकतो. हे आणि अर्थिंग, दोन्ही वायरमनकडून तपासून घ्या, स्वतः उघडू नका. या सगळ्या यादीत जिवाशी थेट गाठ असलेलं काम हेच आहे.

खिडकीसमोरच्या टॉवरबद्दल थोडक्यात: भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश करण्यात आली. अँटेनाचा मुख्य झोत समोरच्या दिशेने जातो, थेट खाली कमी पडतो. शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर आपल्या भागातला टॉवर नियमात आहे का ते बघता येतं.

हे सगळं एकाच रात्री करू नका. आठवड्याला एकच बदल करा आणि उशाशी एक वही ठेवा: दिवा कधी मालवला, किती वेळा जाग आली, सकाळी कसं वाटलं. मगच कशाचा उपयोग झाला ते कळेल. महिनाभराने वहीत काहीच फरक दिसला नाही, किंवा घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं अशी लक्षणं असतील, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.