मासळी प्रक्रिया कारखान्यात पॅकिंगचे साहित्य दूषित होऊ नये म्हणून

तळोजा एमआयडीसी किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील ज्या कारखान्यांतून कोळंबी आणि माकूळ (स्क्विड) गोठवून न्हावा-शेवा बंदरामार्गे परदेशी जाते, तेथे मासळीच्या स्वच्छतेवर कसून लक्ष असते. पण ती ज्या पिशवीत जाते, तिच्याकडे तेवढ्या काटेकोरपणे क्वचितच पाहिले जाते. वास्तविक धुणे, निवडणे, गोठवणे आणि ग्लेझिंग (गोठलेल्या मालावर बर्फाचा पातळ थर चढवणे) आटोपल्यावर माल पिशवीत गेला की पुढे दूषितता काढून टाकणारी एकही पायरी उरत नाही. थंडीने सगळे जंतू मरतात हा समज चुकीचा आहे; लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस हा जंतू उणे १८ अंशांतही तग धरून राहतो आणि माल वितळल्यावर फ्रिजच्या तापमानातही वाढू शकतो. म्हणून मासळीला लागणारी प्रत्येक पिशवी मासळीइतक्याच काळजीने हाताळली पाहिजे.

सुरुवात दरवाजापासून करावी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०१८ च्या पॅकेजिंग विनियमांनुसार प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या घटकांची एकूण मर्यादा प्रतिकिलो ६० मिलिग्रॅम किंवा प्रति चौरस डेसिमीटर १० मिलिग्रॅम आहे, तेव्हा पुरवठादाराचा चाचणी अहवाल हाती असल्याखेरीज पिशव्या उतरवून घेऊ नयेत. टेम्पोही आतून पाहावा. आपल्या परिसरात रसायनांचे कारखाने शेजारीच असल्याने काल ड्रम वाहून नेलेल्या गाडीतून आज पिशव्या येणे अशक्य नाही, आणि पॉलिथिन व पुठ्ठा दोन्ही वास धरतात. वास, ओल, फाटलेले वेष्टन किंवा किड्यांची खूण यांपैकी काहीही आढळले तर तो लॉट बाजूला काढून त्यावर स्पष्ट खूण करावी.

गोदामात साहित्य प्लॅस्टिक पॅलेटवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचावे, म्हणजे मागे झाडता येते आणि उंदराच्या लेंड्या वेळीच दिसतात. साफसफाईची रसायने आणि वंगण या खोलीत अजिबात नकोत. पावसाळ्यात पुठ्ठा दमट हवा शोषून मऊ पडतो आणि त्याला बुरशी धरते. त्यामुळे जून ते सप्टेंबर साठा कमी ठेवावा, शटर उघडे टाकू नये आणि जुना लॉट आधी वापरावा.

पॅकिंग हॉलमध्ये त्या पाळीला पुरेल एवढेच साहित्य न्यावे. बाहेरचे धुळकट वेष्टन, पट्ट्या आणि पिना आधीच्या खोलीतच काढाव्यात, कारण पुठ्ठ्यातली पिन मालात गेली तर ती सापडेल की नाही हे सर्वस्वी मेटल डिटेक्टरवर अवलंबून राहते. पाते तुकड्या-तुकड्यांनी मोडता येते असा कटर येथे वापरू नये. एकसंध पात्याची, क्रमांक घातलेली सुरी द्यावी आणि पाळी संपताना ती मोजून परत घ्यावी.

खरा धोका मात्र टेबलावर असतो. थंड, दमट हवेत पिशव्या एकमेकींना चिकटतात आणि घाईत असलेली कामगार ताई मास्क खाली ओढून पिशवीत फुंकर मारते किंवा बोटाला थुंकी लावून पिशवी सुटी करते. त्या एका फुंकरीने तोंडातले जंतू थेट आतल्या पृष्ठभागावर पोहोचतात. तिच्यावर ओरडून हे थांबत नाही, कारण वजनकाट्यावर माल साचत असतो आणि दुसरा उपाय तिच्यापाशी नसतो; तो कारखान्याने दिला पाहिजे. एक कड थोडी लांब असलेल्या पिशव्या मागवाव्यात, त्या कोरड्या हातमोज्यांनी सहज उघडतात. पिशवी उघडणारी आणि माल भरणारी व्यक्ती वेगळी ठेवावी, आणि उघडणारीने क्रेट, ट्रॉली, ॲप्रन किंवा कच्च्या मालाला हात लावू नये. लागलाच तर हात धुऊन हातमोजे बदलूनच परतावे. पिशव्यांचा गठ्ठा काखेत धरून नेऊ नये किंवा ओल्या टेबलावर ठेवू नये. जमिनीवर पडलेली पिशवी झटकून वापरण्याची सवय फार खोलवर रुजलेली असते, म्हणून टाकाऊ पिशव्यांचा डबा हाताशीच असावा. छतावरून किंवा एअर कूलरवरून पाणी ठिबकत असेल तर त्याखाली साहित्य ठेवू नये.

माल बदलताना आणखी एक चूक हमखास होते. माकूळची छापील डुप्लेक्स (पातळ पुठ्ठ्याची) खोकी टेबलावर उरतात आणि त्यांतच कोळंबी भरली जाते. कोळंबीसारखा कवचधारी जलचर हा लेबलवर जाहीर करावयाचा ॲलर्जीकारक घटक असल्याने ही गफलत खाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. पुढचा माल सुरू होण्यापूर्वी आधीची सर्व खोकी आणि लेबले मोजून हॉलबाहेर काढावीत आणि टेबल रिकामे असल्याची सही सुपरवायझरने स्वतः पाहूनच करावी.

पाळी संपल्यावर उघडलेले गठ्ठे झाकणाच्या स्वच्छ क्रेटमध्ये तारीख घालून ठेवावेत आणि भिजलेले टाकून द्यावेत. पॅकिंग रजिस्टरमध्ये उत्पादन कोडसमोर पिशव्यांचा लॉट क्रमांकही लिहावा, म्हणजे तक्रार आल्यास त्याच लॉटमध्ये भरलेला इतर माल शीतगृहातून लगेच रोखता येतो.