यलोस्टोन ‘लांबला’ म्हणालो आणि फसलो

सोलापुरात बसून ‘सुपरज्वालामुखीवर डिझर्टेशन करतोय’ म्हटलंत की मित्र विचारणारच, “इथं कुठला बे ज्वालामुखी?” पायाखालचा काळा दगड दाखवायचा मोह होईल. आवरा. आपला दख्खनचा बसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत आला, थरावर थर. सुपरज्वालामुखी एकाच स्फोटक उद्रेकात १,००० घन किलोमीटरहून जास्त माल फेकतो. दोन्हींची गल्लत केलीत की व्हायवात मेलात.

मी मात्र मेलो दुसरीकडेच. एमएस्सीच्या सेमिनारला माझी तिसरी स्लाइड लालभडक, अमेरिकेतल्या यलोस्टोन या सुपरज्वालामुखीवर: ‘यलोस्टोनचा उद्रेक लांबलाय, आता कधीही!’ सिनियरच्या पीपीटीतून उचललेली. (तयार पीपीटी म्हणजे उसनं दुखणं.) बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फळ्यावर तीन आकडे लिहिले: २१ लाख, १३ लाख, ६.४ लाख वर्षांपूर्वी. आणि खडू माझ्या हातात दिला. उद्रेक तीन, म्हणजे अंतरं दोनच: ८ लाख आणि ६.६ लाख. सरासरी ७.३ लाख. शेवटच्या उद्रेकाला झाली ६.४ लाख. “मग लांबला कुठे?” चौथीतली वजाबाकी, सहा महिन्यांत एकदाही केली नव्हती.

पण सापळा वजाबाकीत नाही. दोन अंतरांच्या सरासरीला वेळापत्रक समजणं, हा सापळा. आपल्या नळाचंच बघा. एकदा पाणी चौथ्या दिवशी आलं, एकदा सहाव्या. सरासरी पाच. म्हणून पाचव्या दिवशी पहाटे बादल्या मांडून बसता का? नळामागे निदान चावी फिरवणारा माणूस तरी असतो. मॅग्माला, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाला, तारीख ठाऊक नसते; आत वितळलेला माल किती, दाब किती, यावर सगळं. त्यात १३ लाखांचा तो मधला उद्रेक जेमतेम २८० घन किलोमीटरचा, म्हणजे ‘सुपर’ नव्हताच. तो वगळा, उरतं एक अंतर. काढा आता सरासरी!

म्हणून डिझर्टेशनचा विषय बदलू नका, विषय चांगला आहे. फक्त शहरांची जोखीम मांडायची असेल तर यलोस्टोन सोडा आणि इटलीतल्या नेपल्सला लागून असलेला कांपी फ्लेग्रेई हा ज्वालामुखी घ्या. तिथल्या रेड झोनमध्ये, म्हणजे उद्रेकाची चाहूल लागताच रिकामा करायच्या भागात, ५ लाखांच्या आसपास माणसं राहतात. १९८२ ते ८४ मध्ये तिथल्या पोझ्झुओली गावाची जमीन जवळपास १.८ मीटर वर आली, सुमारे ४०,००० लोक हलवावे लागले, आणि उद्रेक झालाच नाही. शेवटचा झाला १५३८ मध्ये. लहानसाच, तरी आठवडाभरात नवी टेकडी उभी राहिली. २००५ पासून जमीन पुन्हा वर येतेय, मे २०२४ मध्ये ४.४ तीव्रतेचा धक्का बसला. तिथल्या माणसाची झोप उडते ती याने, महाउद्रेकाने नाही. पोझ्झुओलीतल्या जुन्या रोमन बाजाराच्या खांबांना समुद्री शिंपल्यांनी पाडलेल्या भोकांचा फोटो मात्र घालाच; जमीन खाली गेली आणि वर आली, हे कुठल्याही आलेखापेक्षा लवकर कळतं.

गाइड प्रत्येक मसुद्याला “छान, पुढे चला” म्हणत असतील तर सावध व्हा. माझे म्हणायचे. खडूस गाइड परवडला, तो निदान आकडे खोडतो.

दुरुस्तीला मला पंधरा दिवस मिळाले. पहिले चार मी तोंड लपवून घरात काढले, तेवढं करू नका. पाचव्या दिवशी ती लाल स्लाइड उघडली आणि आधी ‘कधीही’ हा शब्द पुसला.