परसातल्या कोंबड्या: या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडला ओवळ्यात आमचं घर. मागे वाडी, आणि वाडीच्या मागे नॅशनल पार्कचा डोंगर. गेल्या काही वर्षांत आजूबाजूला बऱ्याच जणांनी गावठी कोंबड्या पाळायला घेतल्यात. महिना-दोन महिने जातात आणि मला फोन येतो, "वहिनी, एका रात्रीत सात गेल्या हो. बिबट्या आला असेल का?" मी जाऊन बघते. बिबट्या बहुतेक वेळा नसतोच. कुत्री असतात, मुंगूस असतं, रानमांजर असतं, आणि त्यांना आत यायची वाट आपणच ठेवलेली असते.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे कोंबड्या आधी आणि खुराडं नंतर. रविवारी बाजारातून सहा तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरण्या कोंबड्या, आणायच्या, त्यांना जिन्याखाली टोपल्याने झाकायचं आणि सुताराला पुढच्या आठवड्यात बोलवायचं. त्या मधल्याच आठवड्यात मांजर येतं. एवढी घाई असेल तर कोंबड्या पाळू नका, हे मी तोंडावर सांगते. राग येतो लोकांना, पण मेलेल्या तलंगा उचलायला नंतर मलाच बोलावतात.

जाळीबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमत मोजली आहे.

दुकानात जी बारीक तारेची, षटकोनी भोकांची जाळी "कोंबडीची जाळी" म्हणून मिळते, ती कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी असते. बाहेरच्याला अडवण्यासाठी ती नसते. तारांना नुसता पीळ दिलेला असतो. कुत्र्याने दातात धरून ओढली की पीळ सुटतो, आणि एक तार तुटली की भोक मोठं होत जातं. माझं पहिलं खुराडं याच जाळीचं होतं. स्वस्त होती, हाताने कापता येत होती, एका दुपारी काम उरकलं. जुलैची रात्र होती, पत्र्यावर पावसाचा असा मारा की घरात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. कोंबड्या ओरडल्या असतील तर त्या आम्हाला ऐकूच आल्या नाहीत. सकाळी दार उघडलं तर खालच्या कोपऱ्यात जाळी आत वाकलेली, आणि तुटलेल्या तारेच्या टोकाला कातडीसकट तांबूस पिसांचा झुपका अडकलेला. अकरापैकी नऊ मेलेल्या, चिखलात इकडे तिकडे टाकलेल्या, एकही खाल्लेली नाही. ते कुत्र्यांचं काम. एक कोंबडी वर वाशावर चढून बसली होती म्हणून वाचली. दुसरीच्या पाठीवरची जखम सासूबाईंनी धुऊन हळद भरली, ती पुढे दोन वर्षं अंडी देत होती.

तेव्हापासून माझ्याकडे फक्त वेल्डमेश, म्हणजे तारा सांध्यांवर वेल्डिंगने जोडलेली जाळी, अर्ध्या इंचाच्या चौकोनाची. एक इंची घेऊ नका, तिच्यातून उंदीरही येतात आणि सापही. पिनांनी ठोकू नका. मी जाळीवर लाकडाची पट्टी ठेवून स्क्रू मारते, म्हणजे ओढ एका जागी न येता सगळ्या पट्टीवर वाटली जाते. खाली जाळी जमिनीशी संपवायची नाही. बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरायची आणि वर चिरे रचायचे. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरायला सुरुवात करतं, पायाखाली जाळी लागली की मागे सरकून उकरायचं त्याला सहसा सुचत नाही. खर्च दुप्पट-तिप्पट होतो, मान्य आहे. तेवढा जमत नसेल तर खुराडं लहान करा, जाळी हलकी करू नका.

वरचा भागही लोक विसरतात. चार बाजूंनी चोख जाळी आणि वर नुसता पन्हळी पत्रा टेकवलेला. पत्रा जिथे भिंतीवर बसतो तिथे प्रत्येक पन्हळीखाली एक फट राहते. कौलं असतील तर सरकलेलं एक कौल पुरतं. कांडेचोर, म्हणजे उदमांजर, झाडावरून छपरावर येतो आणि वरूनच उतरतो. त्या फटी जाळीच्या पट्ट्यांनी बंद करा. कापडाचे बोळे कोंबलेले मी पाहिलेत, ते उंदीर दोन दिवसांत ओढून काढतात.

आता वेळेबद्दल. दार बंद करायला मोबाईलवर सातचा गजर लावणारे खूप आहेत. आपल्याकडे जूनच्या अखेरीस सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहालाच. म्हणजे जूनमध्ये सातला कोंबड्या अजून बाहेर असतात, आणि डिसेंबरमध्ये तोच गजर वाजेपर्यंत अंधार पडून अर्धा-पाऊण तास झालेला असतो. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. ती दांडीवर गप्प बसून राहते, उचललं तरी पळत नाही. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने डिसेंबरात सलग तीन संध्याकाळी एकेक कोंबडी घालवली आणि चोर म्हणून शेजाऱ्यांवर संशय घेतला. चौथ्या दिवशी आम्ही दोघं सहालाच जाऊन बसलो. साडेसहाच्या सुमाराला केळीच्या खुंटांमागून रानमांजर आलं, उघड्या दारात थांबलं, कान फिरवले आणि आत शिरणार तोच मी काठी आपटली. तेव्हापासून तो गजर लावत नाही.

आमच्या आई, म्हणजे सासूबाई, तिन्हीसांजेला स्वतः जाऊन कोंबड्या मोजायच्या. आकड्याने नव्हे, ओळखीने: काळी, तुरेवाली, लंगडी, ठिपक्यांची. मी आत आले की पहिला प्रश्न, "मोजल्यास का गो?" आकडा बरोबर आला तरी एखादी शेजारची आत येऊन आपली बाहेर राहिलेली असू शकते, म्हणून मीही तशाच मोजते. खुडूक कोंबडी तर हमखास राहते. ती वाडीत कुठेतरी लपून अंड्यांवर बसते आणि एकवीस दिवस पुरे व्हायच्या आत मुंगसाला सापडते. तिला अंड्यांसकट उचलून आत आणा.

दाराला कडी म्हणून नुसता वाकड्या तारेचा आकडा नको. तो नाकाने ढकलून वर सरकतो. बोल्ट लावा, त्यात खिळा अडकवा.

पिल्लं उघड्यावर सोडत असाल तर वर जाळं हवंच. घारीला सीडी आणि चकचकीत पट्ट्यांची चार दिवसांत सवय होते. कोळीवाड्यातून जुनं मासेमारीचं जाळं मिळतं ते उत्तम, फक्त जमिनीवर लोंबू देऊ नका. त्यात धामण अडकते आणि सोडवताना फार हाल होतात. सोडवायला सर्पमित्राला बोलवा.

रात्री खाद्य आत ठेवू नका. खाद्याला उंदीर, उंदरांना साप. आणि अंडी काढताना अंधारात हात घालू नका. एकदा खोपट्यात अंडी गिळून सुस्त पडलेला नाग मी टॉर्चच्या उजेडात पाहिला आहे, माझा हात एक वीत लांब होता. डांबरगोळ्या आणि फिनेल टाकून साप येत नाही हा समज सोडा. डांबरगोळी पिल्लाने चोचली तर तेच मरेल.

कोण आलं होतं ते खुणांवरून कळतं. टरफलं फुटून पडलीत तर बहुधा मुंगूस किंवा कावळा. टरफलासकट अंडं गेलं तर साप किंवा घोरपड. पिल्लू नाही, रक्त नाही, पीसही नाही, तर वर आकाशात बघा.

विष घालणं, फासे लावणं, तारेत करंट सोडणं यातलं काहीही करू नका. मुंगूस, घोरपड, रानमांजर या सगळ्यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि करंटच्या तारेला शेजारचं पोरही लागू शकतं. येऊर किंवा पार्कच्या कडेला राहणाऱ्यांनी कोंबडी कापल्यावर आतडी, पिसं बाहेर टाकू नयेत. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. तो खरंच दिसला तर घरात राहा आणि वन विभागाच्या 1926 या नंबरवर कळवा.

दर वर्षी मृगाच्या आधी मी भर दुपारी खुराड्यात शिरते, दार आतून लावते, जाळीवर बाहेरून गोणपाट टाकायला लावते आणि अंधारात बसून राहते. जिथून उजेड येतो तिथे दोन बोटं घालून बघते. गेल्या मे महिन्यात पाण्याच्या पाइपामागे अशी एक फट निघाली, बोटं सहज गेली. संध्याकाळच्या आत सिमेंट कालवून बुजवली.