पाळी जायच्या आधीच तयारीला लागा

माझं वय 49. गेली दोन वर्षं रात्री अडीच-तीनला जाग येते, छातीतून मानेपर्यंत वाफ चढल्यासारखं होतं, गाऊन पाठीला चिकटतो, उठून पंखा पाचवर करते आणि चार-पाच मिनिटांत हुडहुडी भरते म्हणून परत दोनवर. आईला विचारलं तर म्हणाली, "आमच्या वेळी कोण बोलायचं गं, अंगावरच काढलं सगळं." हे अंगावर काढणं आता बंद व्हायला पाहिजे, मनापासून सांगते.

चाळिशी लागली की पहिलं काम, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा खाडा लिहितो ना, तिथेच पाळीची तारीख पण लिहायची. किती दिवस गेली, पॅड किती लागले, गाठी पडल्या का, झोप कशी लागली, सगळं. मी नुसतं "अनियमित आहे" म्हणत होते तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही, पण कॅलेंडरचे फोटो दाखवले, एकदा 21 दिवसांनी, मग थेट 50 दिवसांनी, त्यातले दोन दिवस तासातासाला पॅड, तेव्हा डॉक्टरांनी लगेच हिमोग्लोबिन करायला सांगितलं आणि ते 8.9, म्हणजे बरंच कमी निघालं. त्यामुळे येणारा थकवा मी वयाचा समजत होते!

सलग 12 महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडे हे साधारण 46-47 च्या आसपास होतं, पण बदल त्याआधी काही वर्षं सुरू होतात. चाळिशीच्या आतच थांबली तर वाट बघू नका, डॉक्टरकडे जा. आणि पाळी मागेपुढे होतेय म्हणून निर्धास्त राहू नका, या काळातही दिवस राहू शकतात.

हिमोग्लोबिनसोबत थायरॉईड, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल पण बघून घ्या. घाम, धडधड, चिडचिड थायरॉईडमुळेही होते, आणि पाळी गेल्यावर हृदयाचा धोका वाढतो हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

आता पिशवीचं. "मुलं झालीत ना, मग काढून टाका, कटकट मिटेल" हे ऐकून घाईने होकार देऊ नका. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या होत्या, ऐन तरुणपणी पिशव्या काढलेल्या, वाचून पोटात कालवलं होतं. पिशवीबरोबर अंडाशयं काढली तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात. म्हणून विचारा, गोळ्यांनी भागेल का, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन चालेल का, अंडाशयं ठेवणार का. आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

हाडांसाठी नुसतं चालणं पुरत नाही, स्नायूंवर भार पडला पाहिजे. मी पाण्याच्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली करते, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठते. दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, त्यामुळे भाकरी, दूध, दही, तीळ सगळंच ताटात हवं. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, गोळ्या मनाने नको.

वाफांसाठी सुती कपडे, संध्याकाळनंतर चहा बंद, रात्री तिखट कमी, मला एवढ्याने बराच फरक पडला. तरीही झोप उडत असेल तर हार्मोनच्या उपचाराबद्दल विचारा, घाबरून आधीच नाही म्हणू नका. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू केला तर बऱ्याच जणींना धोक्यापेक्षा फायदा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना सहसा देत नाहीत, आणि पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, म्हणून मैत्रिणीच्या गोळ्या आपण घ्यायच्या नाहीत.

खालचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, सारखी लघवीची जळजळ, हे पण बोला हो, त्यावर लावायची क्रीम असतात. दोन आठवडे सतत रडू येतंय, कशातच मन लागत नाही, तर तेही डॉक्टरांना सांगा. घरात नवऱ्याला आणि मुलांना स्पष्ट सांगून ठेवा की आई उगाच चिडत नाहीये. मी सांगितल्यापासून सकाळचा डबा मुलगा भरतो.

आणि वर्षभर पाळी बंद राहून नंतर एक डाग जरी दिसला तरी "परत आली वाटतं" म्हणून सोडू नका, त्याच आठवड्यात दाखवा.