लघवीतल्या रक्ताला ‘उन्हाळी’ म्हणू नका: डाईंग, लूम आणि विडीच्या कामातल्या या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ वर गेला की लघवीला जळजळ ही घरोघरची तक्रार. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली, आणि दोन दिवसांत बरं वाटतं. म्हणूनच लघवी लाल झाली तरी ‘उन्हाळी लागली’ म्हणून सोडून दिलं जातं, फार तर मुतखड्याचा संशय घेतला जातो. डाईंगमध्ये, म्हणजे सूत-कापड रंगवण्याच्या कारखान्यात, काम करणाऱ्याने किंवा पूर्वी केलेल्याने ही चूक अजिबात करू नये. न दुखता लघवीतून रक्त जाणं हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं नेहमीचं पहिलं लक्षण आहे. ते एकदा दिसतं, थांबतं, पुन्हा काही आठवडे दिसतही नाही. थांबलं म्हणजे बरं झालं असं वाटतं आणि सगळा वेळ तिथेच जातो.

रंगाचा आणि मूत्राशयाचा संबंध जुना आहे. बेन्झिडिन, २-नॅप्थिलअमाईन, ऑर्थो-टोल्युइडिन या ॲरोमॅटिक अमाईनमुळे (रंग बनवायला लागणाऱ्या रसायनांमुळे) माणसाला कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पक्कं केलेलं आहे. श्वासातून किंवा कातडीतून आत गेलेली ही द्रव्यं शरीर लघवीवाटे बाहेर काढतं, आणि लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते. रोग दिसायला पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर माणूस डाईंग सोडून रिक्षा चालवत असतो किंवा किराणा दुकानात बसलेला असतो. जुन्या कामाचा आणि या आजाराचा संबंध त्याच्या मनातही येत नाही.

चूक: सुट्या पिशवीतला रंग. अशी अमाईन सोडणाऱ्या ११२ ॲझो रंगांवर (ॲझो हा कृत्रिम रंगांचा मोठा गट) आपल्याकडे १९९० च्या दशकातच बंदी आली. पण पिशवीवर नाव, उत्पादक, बॅच काहीच नसेल तर आत काय आहे हे मालकालाही कळणार नाही. लेबल असलेलाच माल घ्या आणि व्यापाऱ्याकडे त्याची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे आतली रसायनं आणि त्यांचे धोके सांगणारा कागद, मागा. नॅप्थॉलच्या रंगाईत वापरले जाणारे बेस (नॅप्थॉलशी मिळून कापडावर रंग तयार करणारी द्रव्यं) हे मुळात ॲरोमॅटिक अमाईनच असतात, त्यामुळे तिथे दुप्पट जपा.

चूक: फिरत्या पंख्याखाली पावडर तोलणं. सगळ्यात जास्त रंग नाकात जातो तो इथे, कढईत किंवा मशीनवर नव्हे. पंखा बंद ठेवा, एक्झॉस्ट चालू ठेवा, वजनकाटा वेगळ्या खोलीत असू द्या. शक्य असेल तिथे पावडरऐवजी पेस्ट किंवा दाणेदार रंग घ्या. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. त्या धुळीसाठी तोंडावर नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो, आणि थिनरसारख्या वाफेपुढे तोही चालत नाही.

चूक: हायड्रोने (रंग उडवणाऱ्या सोडियम हायड्रोसल्फाइटने) हात धुणं. ही चूक मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते, कारण ती स्वच्छतेच्या नावाखाली होते. हायड्रोने डाग झटकन जातो, कारण ॲझो रंगाचा रेणू तुटतो. त्या तुटण्यातूनच अमाईन सुटतात. कापडात बंदी असलेला रंग आहे का हे तपासताना प्रयोगशाळा हीच क्रिया मुद्दाम घडवून आणतात. तेच आपण स्वतःच्या तळहातावर करायचं? ब्लीचिंग पावडर आणि रॉकेलही नको, त्याने कातडी फाटते आणि पुढचा रंग आणखी सहज आत शिरतो. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला. तरी लागलाच रंग, तर साबण-पाणी. उरलेला डाग चार दिवसांत आपोआप जाईल, जाऊ द्या.

त्याच रंगलेल्या तळव्यावर तंबाखू-चुना मळून तोंडात टाकणं म्हणजे दोन विषं एकत्र. विडी-सिगारेट तर स्वतःच मूत्राशयाच्या कॅन्सरचं मोठं कारण आहे.

लूमवर (यंत्रमागावर) काम करणाऱ्यांनी तेलाने भिजलेली पँट दिवसभर अंगावर ठेवू नये. इंग्लंडच्या सूतगिरण्यांत अशाच तेलाने कामगारांना अंडकोषाच्या कातडीचा कॅन्सर होत असे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

सिमेंटचा पत्रा किंवा ग्रॅनाइट कोरडा कापू नका, पाणी मारत कापा. पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि दगडाच्या धुळीत सिलिका. दोन्हींनी फुप्फुसाचा कॅन्सर होतो. वेल्डिंगचा धूर आणि डिझेलचा धूरही त्याच यादीत आहेत.

विडी वळणाऱ्या मावशींचं काम घरातच चालतं, मांडीवर सूप आणि शेजारी झोपलेलं लेकरू. तंबाखूची धूळ श्वासातून जाते, निकोटिन बोटांतून. दाराशी, वारा असेल तिथे बसा, चुलीजवळ तंबाखू ठेवू नका, जेवणाआधी हात चांगले धुवा. आणि मिश्री सोडा, मावशी. तोंडाच्या कॅन्सरचा मोठा धोका तिच्यात आहे. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर लगेच दाखवा.

चूक: डॉक्टरला काम न सांगणं. डॉक्टर विचारत नाहीत, आपण सांगत नाही. एका कागदावर लिहून न्या: कोणत्या साली कुठल्या खात्यात होतो, कोणते रंग, विडी-तंबाखू किती. जुनी पगाराची चिठ्ठी आणि ईएसआयचं कार्ड टाकून देऊ नका. व्यवसायजन्य कॅन्सर हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत आहे, आणि भरपाईची गोष्ट निघाली तर हेच कागद उपयोगी पडतात.

लघवीत रक्त दिसलं, एकदाच का होईना, तर लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. त्यात काही निघालं नाही तरी दुर्बिणीची तपासणी हवी का, हे मूत्ररोगतज्ज्ञाला विचारा. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटल आहे, आणि कॅन्सरच्या उपचारांसाठी बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल जिल्ह्यातच आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी ते लागतं.